कोकणात डीजे शिकताना: यंत्र कोणतं घ्यावं आणि कान कसा घडवावा

कंट्रोलर, म्हणजे लॅपटॉपवरची गाणी हाताने मिसळायचं यंत्र, कुठला घ्यायचा हे ठरवण्याआधी चांगले हेडफोन घ्या. कुडाळ-मालवण पट्ट्यात हळदीला आणि किनाऱ्यावरच्या रिसॉर्टमध्ये गाणी लावायला लागल्यापासून नव्या मुलांना मी सगळ्यात आधी हेच सांगतो. मुलं थोडी हिरमुसतात. त्यांना मोठं, दिवे लुकलुकणारं यंत्र हवं असतं. पण डीजेचं निम्मं काम लोकांना ऐकू न येणारं असतं: पुढचं गाणं आधी स्वतःच्या कानात लावून, चालू गाण्याशी जुळवून, मगच बाहेर सोडायचं. समोर बेस धडधडत असताना कानातलं नीट ऐकू आलं नाही, तर महागातला महाग कंट्रोलरही उपयोगाचा नाही.

हेडफोन वायरचेच हवेत. ब्लूटूथमध्ये आवाज किंचित उशिरा पोहोचतो आणि तेवढ्या उशिरानेच ठेका चुकतो. कान पूर्ण झाकणारे, बंद पाठीचे, कप एका बाजूला वळवता येणारे बघा. सेनहायझरचा एचडी २५ कान झाकत नाही, कानावर टेकतो, पण तोही जगभरचे डीजे वर्षानुवर्षं वापरतात. ऑडिओ-टेक्निकाचा एम४०एक्स किंवा एम५०एक्सही शिकायला उत्तम. आणि हेडफोनचा आवाज जपून ठेवा. ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या ठिकाणची सुरक्षित मर्यादा मानली जाते, आणि दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. कानाचे साधे फोमचे बोळे खिशात ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. या धंद्यात कान गेला की सगळं गेलं.

आता कंट्रोलर. साउंडचा धंदा आणि डीजेचं काम ही दोन वेगळी कामं आहेत, हे आधी डोक्यात पक्कं करा. बेस आणि टॉपचे स्पीकर, अँप्लिफायर, जनरेटर, टेम्पो हे सगळं साउंडवाल्याचं. त्यात पैसे घालायचे तर लाखांचा हिशोब आहे, आणि पावसाळ्याचे चार महिने ते सगळं झाकून ठेवावं लागतं. शिकणाऱ्याने त्यात पडूच नये. गावात मंडपवाला असतो, त्याच्या ओळखीचा साउंडवाला असतो. त्यांचा साउंड, तुमचा लॅपटॉप आणि कंट्रोलर, अशी विभागणी सुरुवातीला सगळ्यात बरी. घरात बरा लॅपटॉप असेल तर बाकी सगळं ५० हजारांच्या आत बसतं.

पायोनियर डीजेचा डीडीजे-एफएलएक्स४ हा आज नवशिक्यासाठी मला सगळ्यात सरळ वाटतो. तो रेकॉर्डबॉक्स आणि सेराटो या डीजेच्या दोन्ही सॉफ्टवेअरवर चालतो, आणि वीज लॅपटॉपच्या यूएसबीतूनच घेतो. आपल्याकडे ही शेवटची गोष्ट फार मोलाची आहे. ऐन रंगात लाइट गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर तुमचं सगळं चालू राहतं. जनरेटर सुरू होऊन अँप्लिफायर जागा झाला की गाणं तिथूनच पुढे. पैसे कमी असतील तर नुमार्क किंवा हर्क्युलिसचे छोटे कंट्रोलर आहेत, त्यांवरही शिकता येतं. मूळ मांडणी सगळीकडे एकच: दोन बाजूंना दोन डेक, म्हणजे एकेक गाणं चालवायच्या जागा, आणि मध्ये ती मिसळणारा मिक्सर. टेक्निक्सचा एसएल-१२०० हा तबकडी वाजवायचा टर्नटेबल १९७२ साली आला, तेव्हापासून दोन गाणी आणि मध्ये मिक्सर हीच रचना चालत आली आहे. लहान यंत्रावर हात बसला की मोठ्या यंत्रावर जायला वेळ लागत नाही.

जुना कंट्रोलर घेत असाल तर एक काम न लाजता करा. किनारपट्टीवर वापरलेला असेल तर मागच्या पिनांवर टॉर्च मारून बघा. हिरवट थर दिसला तर खारी हवा आत शिरली आहे असं समजा. मग प्रत्येक फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, हळूहळू वर-खाली करून ऐका, खरखर येते का, आणि पूर्ण खाली आणल्यावरही आवाज झिरपतो का. यूएसबीची वायर लावून थोडी हलवा. जोडणी तुटली तर ते यंत्र सोडून द्या, कितीही स्वस्त असो.

लॅपटॉपला एसएसडी आणि किमान ८ जीबी रॅम हवी. कार्यक्रमाच्या वेळी वायफाय बंद, अपडेट बंद, स्क्रीन झोपणार नाही अशी सेटिंग. गाणी स्वतःजवळ साठवलेली हवीत. इंटरनेटवरून थेट वाजवायची सोय आता बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण खाडीपलीकडच्या वाडीत रेंज कधी जाईल याचा भरवसा नाही. एमपी३ असेल तर ३२० केबीपीएसची. व्हिडिओवरून उतरवलेली हलकी फाइल मोबाइलवर बरी वाटते, पण १८ इंची बेसवर तिचा पोकळपणा सगळ्या मांडवाला कळतो.

आता शिकण्याकडे येतो, कारण माझा जीव खरा तिथे आहे.

आपल्याकडे मृगापासून लग्नसराई थांबते ती तुळशीच्या लग्नापर्यंत. मध्ये गणपती येतात, पण कोकणातला गणपती घराघरातला, तिथे आरत्या आणि भजनं. हा मोकळा काळ शिकण्यासाठी सोन्यासारखा आहे. कंट्रोलर नसला तरी मिक्स्स नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर उतरवून घ्या. पहिले काही आठवडे तर त्याचीही गरज नाही. गाणं लावा आणि मांडीवर हात मारत मोजा: एक-दोन-तीन-चार. नाचाची बहुतेक गाणी चाराच्या पटीत बांधलेली असतात. चार ठोक्यांचा एक बार, आठ बारांचा म्हणजे ३२ ठोक्यांचा एक टप्पा. कडवं, ध्रुवपद, मधलं संगीत बहुधा या टप्प्यांच्या कडेला बदलतं. ती कड न मोजता अंगात कळायला लागली की निम्मं डीजेइंग आलं. नवं गाणं त्या कडेवर सोडलं तर लोकांना गाणं बदलल्याचा धक्का बसत नाही, पाय चालूच राहतात.

मग ठेका जुळवणं. सिंकचं बटण दाबलं की सॉफ्टवेअर दोन गाण्यांचा वेग आपोआप सारखा करतं. ते वापरू नये असं मी म्हणत नाही. पण त्याच्याशिवाय जुळवता येईपर्यंत त्याला हात लावू नका, असं ठामपणे म्हणतो. याला कारण आपली गाणी. जुनी मराठी गाणी, कोळीगीतं, लोकगीतं ही माणसांनी बसून वाजवलेली आहेत. ढोलकीवाला रंगात आला की लय किंचित चढते, कडव्याला किंचित उतरते. सॉफ्टवेअर मात्र एकच वेग धरून त्यावर समान रेघा आखतं. दोन कडव्यांनंतर त्या रेघा आणि ढोलकी यांची फारकत होते आणि सिंक केलेलं गाणं लंगडायला लागतं. तिथे जॉग व्हीलवर, म्हणजे डेकवरच्या गोल चाकावर, बोट ठेवून गाण्याला पुढे ढकलणारा किंवा मागे धरणारा कानच कामी येतो.

कोळीगीतांचं आणखी एक वेगळेपण आहे, आणि ते बाहेरच्या कुठल्याही व्हिडिओत तुम्हाला कोणी शिकवणार नाही. बहुतेक कोळीगीतं सहा मात्रांच्या अंगाने चालतात: तीन-तीनचे दोन हिंदोळे. सॉफ्टवेअर चाराच्या हिशोबाने बनलेलं, त्यामुळे ते पुष्कळदा चुकीचा वेग दाखवतं. नाचणाऱ्यांची पावलं मिनिटाला ११० च्या वेगाने पडत असतील, तर पडद्यावर १६५ दिसू शकतात. ते प्रत्येक पावलातले तीन बारीक ठोके दोन-दोनच्या जोडीने मोजत असतं. अशा गाण्याला स्वतः टॅपच्या बटणावर पावलांच्या ठेक्यात बोट मारून वेग नोंदवा. मग ११० च्याच वेगाचं चार मात्रांचं गाणं त्यापुढे आणता येतं, कारण पावलं तीच राहतात. दोन्ही एकत्र फार वेळ ठेवू नका, तीन आणि चार एकमेकांना टोचतात. कोळीगीताची शेवटची ओळ संपते तिथे इको (प्रतिध्वनी) देऊन त्याला विरू द्या आणि पुढच्या गाण्याचा ढोल पहिल्या ठोक्यावर आणा. ही एक जागा नीट साधली की मांडवात जो कल्ला होतो, त्याच्यासारखं सुख नाही.

वेग बदलताना गाणाऱ्याच्या आवाजाची दया करा. की लॉक बंद असेल तर सहा टक्के वेग वाढवल्यावर सूर जवळपास अर्ध्या स्वराने चढतो. चालू असेल तर सूर जागेवर राहतो, पण फार ताणलं की आवाज चिरका होतो.

आवाजाच्या बाबतीत दोनच गोष्टी सांगतो. एक, दोन गाण्यांचे बेस एकत्र वाजू देऊ नका. नव्याचा बेस चढवताना जुन्याचा त्याच क्षणी उतरवा, नाहीतर सगळं गढूळ होतं. दुसरी, मीटरवरचा लाल दिवा लागू देऊ नका. लाल लागला म्हणजे आवाज वाढत नाही, फाटतो, आणि साउंडवाल्याच्या स्पीकरची कॉइल जळू शकते. आवाज कमी वाटला तर त्याला अँप्लिफायरवर वाढवायला सांगा.

विजेबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं, कारण इथे जिवाचा प्रश्न आहे. मांडवाची लाइन बहुतेक वेळा घराच्या मीटरवरून ओढलेली असते. उन्हाळ्यात जांभ्याची जमीन कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं. जाणते वायरमन अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओततात ते त्यासाठीच. स्पीकरमधून ‘हूं’ असा सलग आवाज येत असेल तर काही जण प्लगची अर्थची पिन काढून टाकतात. असं कधीही करू नका. त्या पिनेवाचून माइकच्या लोखंडी जाळीत करंट उतरू शकतो, आणि ओठ लावून बोलणारा माणूस लग्नघरातलाच असतो. हा हम घालवायचा तर साउंडच्या लाइनवर डीआय बॉक्स, म्हणजे हम तोडणारी छोटी पेटी, लावा. एफएलएक्स४सारख्या कंट्रोलरला आरसीएचेच (लाल-पांढऱ्या गोल पिनांचे) आउटपुट आहे, त्याची लांब वायर हम ओढून घेते. म्हणून डीआय बॉक्स कंट्रोलरजवळ ठेवून पुढची लांब वायर एक्सएलआरची (माइकला असते तशी तीन पिनांची) घ्या. डेकोरेशनच्या दिव्यांची लाइन वेगळी मागा.

खारी हवा, वाळू आणि पाऊस हे यंत्राचे तीन वैरी. पावसाळ्यात कंट्रोलर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि आठवड्याला एकदा तरी बाहेर काढून चालवा. गाडीतल्या एसीतून थेट किनाऱ्यावरच्या दमट हवेत आणलं की आत दव धरतं. थोडा वेळ तसंच ठेवून मग चालू करा. समुद्राकाठी वाजवताना टेबल उंच, पाठ वाऱ्याकडे, आणि हात नसेल तेव्हा फेडरवर कापड.

किनाऱ्याचा विषय निघालाच आहे तर: वायंगणी, वेळास अशा किनाऱ्यांवर हिवाळ्यात कासवं अंडी घालायला येतात आणि मे महिन्यापर्यंत पिल्लं समुद्राकडे जात असतात. प्रखर दिव्यांनी ती वाट चुकतात. अशा जागी रात्री दिव्यांचा शो मागितला तर मी नाही म्हणतो. तुम्हीही म्हणा.

कायदाही माहीत हवा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, सणासुदीला, सरकार १२ पर्यंत सूट देऊ शकतं. घरगुती हळदीला ती लागू होत नाही. रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, आणि दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवतीचं १०० मीटरचं शांतता क्षेत्र त्याहून कडक. शेजारच्या घरात आजारी म्हातारं माणूस असेल तर ते आधी विचारून घेणं हाही कामाचाच भाग आहे. गाण्यांच्या हक्कांचं म्हणाल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना सवलत आहे. रिसॉर्टच्या तिकिटाच्या पार्टीला ती नाही. तिथे पीपीएल आणि आयपीआरएस या गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांचे परवाने आयोजकाने घ्यायचे असतात, ते घेतले का हे सुपारी घेतानाच विचारा.

हळदीला मांडव वाचायला शिका. सुरुवातीला म्हातारी माणसं आणि मुलं असतात, तेव्हा ओळखीची जुनी गाणी, आवाज बोलता येईल इतकाच. जेवणं उरकली की बायका उठतात, आणि कोणीतरी आत्या येऊन म्हणतेच, “आता आमचा कायतरी लाव मगे!” ते गाणं तुमच्याकडे असलंच पाहिजे. मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांच्या पोरांना नवे रिमिक्स हवे असतात, त्यांना साडेआठनंतरचा वेळ द्या, म्हणजे दहाला थांबताना कोणी उपाशी राहत नाही. आपल्या भागातली लोकगीतं गोळा करणं, प्रत्येकाचा वेग स्वतः नोंदवणं, कुठल्या वाडीत काय चालतं ते वहीत लिहिणं, हे काम कंपनी करून देणार नाही.

पहिली कामं मिळवायची तर चांगल्या साउंडवाल्याबरोबर एक हंगाम वायरी ओढा. त्याच्याकडून विजेचं जे शिकाल ते कुठल्याही क्लासात मिळत नाही, आणि संध्याकाळी पाहुणे यायच्या आधीचा तासभर तो तुम्हाला नक्की वाजवू देतो. सुपारी ठरवताना वेळ, साउंड कोणाचा, पोलीस परवानगी कोण काढणार, आणि मे महिन्यात वळवाचा पाऊस आला तर पैशांचं काय, हे चार ओळींत लिहून घ्या, निदान मोबाइलवर पाठवून होकार घ्या. इसार घेतल्याशिवाय तारीख अडवू नका. आणि निघताना पिशवीत सगळी गाणी असलेला एक जादा पेनड्राइव्ह, बहुतेक यंत्रांना वाचता येईल असा एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला, एक जादा यूएसबी वायर, आरसीए वायरीचा जादा जोड, टेस्टर, टॉर्च आणि एक मोठी प्लॅस्टिकची ताडपत्री टाका.