कबड्डी संघातील खेळाडूंची व्यक्तिचित्रे कशी टिपावीत

कबड्डीच्या संघात सात खेळाडू मैदानात उतरतात आणि पाच राखीव असतात. सामन्यात छायाचित्रे निघतात ती बहुधा चढाईपटूंची. कोपऱ्यात घोटा पकडणारा रक्षक झटापटीत झाकला जातो आणि राखीव खेळाडूचे हंगामभरात एकही चांगले छायाचित्र निघत नाही. म्हणून आपल्या मंडळाच्या संघाची व्यक्तिचित्रे काढताना बाराही जणांना सारखा प्रकाश, सारखे अंतर आणि सारखा वेळ द्यायचा, हे आधी पक्के करावे.

त्यासाठी सामन्याचा नव्हे, सरावाचा दिवस निवडावा आणि खेळाडूंना सरावाच्या तासभर आधी गणवेशात बोलवावे. संघ किशोर किंवा किशोरी गटाचा असेल तर पालकांची परवानगी आधीच घ्यावी आणि छायाचित्रे कुठे वापरली जाणार आहेत, हेही त्यांना स्पष्ट सांगावे.

आदल्या दिवशी त्याच वेळी मैदानावर जाऊन प्रकाश पाहावा, कारण निम्मे काम तिथेच होते. डोक्यावरच्या उन्हात भुवयांची सावली डोळ्यांवर पडते. त्यापेक्षा शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या पडवीत, सावली जिथे संपते तिथून पाऊलभर आत, मोकळ्या आकाशाकडे तोंड करून खेळाडूला उभे करावे; तिथे चेहऱ्यावर मऊ आणि एकसारखा उजेड येतो. सावलीच नसेल तर सूर्य खेळाडूच्या पाठीशी ठेवावा आणि समोरून पांढऱ्या थर्माकोलच्या पाट्याने उजेड चेहऱ्यावर परतवावा. लाल मातीच्या मैदानात एक गोष्ट सहज निसटते: उन्हात तापलेली माती हनुवटीखाली तांबूस झाक टाकते, म्हणून शहाबादी फरशीची किंवा सिमेंटची जागा मिळाल्यास ती घ्यावी. सूर्य मावळल्यानंतर मैदानातल्या दिव्यांखाली काम करावे लागले, तर शटर (कॅमेरा उजेड आत घेतो तो कालावधी) १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवावे. आपली वीज ५० हर्ट्‌झची असल्याने त्यापेक्षा वेगवान शटरला काही दिव्यांखाली चित्रात आडवे पट्टे उमटतात.

भिंतीपासून दोन-तीन मीटर पुढे खेळाडूची जागा आणि त्यापासून साधारण दोन मीटरवर आपली जागा फक्कीने आखून ठेवावी, म्हणजे बाराव्या खेळाडूपर्यंत अंतर बदलत नाही. पूर्ण फ्रेमच्या (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ मिलिमीटरची, लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स पुरेशी होते. दिवसा छिद्रमान (लेन्सच्या उघडीचे माप) एफ ४ आणि शटर १/२५० सेकंद ठेवून आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) उजेडानुसार ठरवावा. या तिन्ही गोष्टी हाताने निश्चित कराव्यात, कारण स्वयंचलित मापन सावळ्या आणि गोऱ्या चेहऱ्यांना वेगवेगळा उजेड देते. संध्याकाळ उतरत असताना मात्र दर तीन खेळाडूंनंतर ते तपासावे. मोबाइल असल्यास जवळ जाऊ नये, दुप्पट किंवा तिप्पट झूमची लेन्स वापरावी; रुंद लेन्सने जवळून टिपल्यास नाक मोठे आणि कान लहान दिसतात.

सुरुवात कर्णधारापासून करू नये, असे माझे ठाम मत आहे. उजेड मावळत असताना आणि सगळ्यांना सरावाची घाई झालेली असताना जो शेवटी उभा राहतो तो नेहमी राखीवच असतो. म्हणून त्याच्यापासूनच आरंभ करावा. पहिली फ्रेम त्याचे नाव व गणवेशाचा क्रमांक लिहिलेल्या पाटीची घ्यावी. उरलेल्या सवंगड्यांना थोडे दूर बसवावे, कारण त्यांच्या चिडवण्याने नवखा खेळाडू आक्रसतो.

“हसा” असे सांगितल्यावर चेहरा ताठतो. त्याऐवजी त्याची जागा कोणती, कोणती पकड त्याला साधते, हे विचारावे आणि तो सांगत असताना जवळच्या डोळ्यावर फोकस ठेवून टिपत राहावे. आधी छातीपर्यंतचे, मग मागे सरून कमरेच्या उंचीवरून पूर्ण उभे चित्र घ्यावे आणि शेवटी त्याचे कौशल्य दाखवायला सांगावे. कोपरारक्षकाला घोटा पकडण्याच्या पवित्र्यात वाकू द्यावे आणि त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर स्वतः गुडघ्यावर बसावे. चढाईपटूचा हात कॅमेऱ्याकडे लांबलेला असेल तर एफ ८ वर जावे, नाहीतर बोटे धूसर होतात. मोबाइलमधील पार्श्वभूमी धूसर करणारी सोय अशा वेळी बंद ठेवावी, कारण ती बोटांच्या कडा चुकीच्या कापते. सराव संपताच, अंगावरची माती झटकण्याआधी, प्रत्येकाची आणखी एक फ्रेम घ्यावी. मला स्वतःला तीच सर्वांत खरी वाटते.

संपादनात रंग उजळवू नये आणि गुडघ्यावरचे जुने व्रण पुसू नयेत. ते त्याने खेळून मिळवलेले आहेत. प्रत्येकाची सारख्याच संख्येने चित्रे निवडावीत. ४ × ६ इंचाच्या चांगल्या छपाईला १२०० × १८०० पिक्सेल पुरतात, तेव्हा बाराही जणांना छापील प्रत द्यावी आणि मागे खेळाडूचे नाव, त्याची मैदानातली जागा आणि वर्ष लिहावे.