गरम पाण्याची टाकी निवडताना आणि गुंडाळताना या चुका टाळा

रात्री तापवलेलं पाणी सकाळी कोमट झालं की संशय आधी कॉइलवर जातो. थर्मोस्टॅट वाढवला जातो, कधी कॉइलही बदलली जाते. प्रत्यक्षात उष्णता टाकीच्या अंगातून आणि उघड्या पाइपातून निघून गेलेली असते. 100 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला साडेचार युनिटांहून जास्त वीज लागते, ती अशी वाया जाऊ देणं परवडणारं नाही.

नुसते लिटर पाहून टाकी घेणं

60 अंशांच्या पाण्यात 20 अंशांचं तेवढंच पाणी मिसळलं की 40 अंशांचं, म्हणजे आंघोळीजोगं पाणी मिळतं. म्हणजे 100 लिटरची टाकी आंघोळीला जवळपास 200 लिटर देते. हा हिशेब न केल्यानं टाकी गरजेपेक्षा मोठी घेतली जाते आणि न वापरलेलं पाणीही रोज गरम ठेवावं लागतं. जागा असेल तर उभीच टाकी घ्या. गरम पाणी वर राहतं आणि खालून येणारं गार पाणी त्याला वर ढकलतं. आडव्या टाकीत दोन्ही लवकर मिसळतात. खरेदी करताना आतल्या पफचा (उष्णता अडवणाऱ्या फोमचा) थर किती जाड आहे, हे मात्र आवर्जून विचारा. माझ्या मते चकचकीत डिस्प्लेपेक्षा त्याला जास्त महत्त्व द्यायला हवं. पाणी क्षारयुक्त असेल तर अ‍ॅनोड रॉड (टाकीऐवजी स्वतः गंजून तिला वाचवणारी सळई) सहज बदलता येतो का, तेही पाहा.

वीज वाचवायला तापमान फार उतरवणं

साठवलेलं पाणी 20 ते 45 अंशांत रेंगाळलं की फुप्फुसांचा गंभीर आजार करणारे लिजिओनेला जिवाणू वाढू शकतात. म्हणून साठवण 60 अंशांवर ठेवा. मात्र इतकं गरम पाणी काही सेकंदांत कातडी भाजतं. घरात लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील तर नळाआधी गार पाणी मिसळून तापमान उतरवणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह हवाच.

जॅकेट करकचून बांधणं

टाकीभोवती गुंडाळायच्या जॅकेटमधलं ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंचा कापूस, उष्णता अडवतं ते त्यात अडकलेल्या हवेमुळे. दोरी आवळून ते दाबलं की हवा निघते आणि फायदाही जातो. पट्टा फक्त जॅकेट घसरणार नाही इतकाच ओढा. दोन तुकड्यांमध्ये फट राहू देऊ नका. माथ्याकडे जास्त लक्ष द्या, कारण सगळ्यात गरम पाणी तिथंच असतं.

पाइप तर बहुतेक घरांत उघडेच राहतात. कुणी नळ सोडलेला नसताना टाकीतून निघणाऱ्या पाइपावर हात ठेवून पाहा. तो गरम लागला तर टाकीतली उष्णता पाइपावाटे बाहेर जाते आहे. गरम पाण्याच्या पाइपाचा टाकीजवळचा एक-दोन मीटर भाग फोमच्या नळीनं झाका, चिरलेली बाजू टेपनं बंद करा आणि एल्बो, म्हणजे वळणाचे जोड, सोडू नका. पाइप सरळ वर जात असेल तर पाणी त्यातल्या त्यात फिरत राहून गार होतं. प्लंबरकडून टाकीपाशी खाली वळणारा बाक करून घेतला की हे बरंच थांबतं.

झाकू नये ते झाकणं

सेफ्टी व्हॉल्व्ह (दाब वाढला की पाणी बाहेर सोडणारा), त्याची निचऱ्याची नळी, थर्मोस्टॅटचं झाकण आणि वीजतार जॅकेटखाली जाता कामा नये. गॅसवर चालणाऱ्या टाकीत धुराड्याजवळ आणि हवा आत घेणाऱ्या जाळीजवळ काहीही गुंडाळू नका.

व्हॉल्व्ह ठिबकतो म्हणून त्याला बूच मारणं ही सगळ्यात धोकादायक चूक आहे. 20 वरून 60 अंशांवर जाताना 100 लिटर पाणी सुमारे दीड लिटरनं फुगतं. फुगलेलं पाणी सामावून घेणारी छोटी टाकी (एक्सपान्शन टँक) नसेल तर तेवढं पाणी या व्हॉल्व्हमधूनच बाहेर पडणार. तापत असताना पडणारे थेंब चालतील. टाकी गार असतानाही ठिबक सुरू राहिली, तर लाइनमधला दाब तपासून घ्या किंवा व्हॉल्व्ह बदला.

जॅकेट कुठे ओलं लागलं तर त्यावर दुसरा थर चढवू नका. ओलं ग्लासवूल उष्णता अडवत नाही, उलट आतला पत्रा गंजवतं. वीज बंद करून ते सोडवा, गळती शोधा आणि सगळं कोरडं झाल्यावरच पुन्हा गुंडाळा.