डंपलिंग-नूडल्सच्या हॉटेलात जेवायचं कसं

पुण्यात चायनीज म्हटलं की आधी मंचुरियन, ट्रिपल शेजवान आणि गाडीवरचा चटचटीत फ्राइड राइसच आठवतो. ते जेवण आपल्या जागी उत्तमच आहे. पण बाणेर, कोरेगाव पार्क, विमाननगर या बाजूंना आता बांबूच्या टोपलीतली डंपलिंग (मोमोसारखी, पारीत सारण भरलेली) आणि वाडगाभर नूडल्स देणारी साधी हॉटेलंही आहेत. तिथे नेहमीच्या सवयीनं सगळं एकदम मागवून टेबल भरलं, की निम्म्या जेवणाची मजा जाते. डंपलिंग निवलं की त्याची पारी चिवट होते आणि रश्शातल्या नूडल्स बघता बघता फुगतात. म्हणून फेऱ्याफेऱ्यांनी मागवा आणि आलं की लगेच खा.

चौघं असाल तर सगळ्यात सोयीचं, कारण इथे सगळं वाटून खायचं असतं. शनिवार-रविवारी सात-सव्वासातलाच पोचा.

ऑर्डरआधीचे प्रश्न

शाकाहारी मंडळींनी पदार्थाच्या नावावर जाऊ नये. टोफू आहे म्हणजे व्हेज, असं धरून चालत नाही. चीनमधल्या सिचुआन प्रांताच्या प्रसिद्ध मापो टोफूत मुळात खिमा असतो. तेव्हा स्पष्ट विचारा: नूडल्सच्या सूपचा स्टॉक, म्हणजे हाडं किंवा भाज्या उकळून काढलेलं पाणी, कशाचा? परतलेल्या भाजीत ऑयस्टर सॉस (कालवांपासून केलेला) आहे का? नूडल्समध्ये अंडं आहे का? व्हेज डंपलिंग वेगळी वाफवता का? यात संकोच करू नका, हे विचारणं तुमचा हक्क आहे. शेंगदाणे, तीळ किंवा कोळंबीची ॲलर्जी असेल तर तेही आत्ताच सांगा.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. डंपलिंगचं सारण आधीच कालवून ठेवलेलं असतं, त्यातून काही काढता येत नाही. परतलेली भाजी मात्र ऑर्डरप्रमाणे होते, तिथे सांगून फरक पडतो.

पहिली फेरी

चौघांत दोन टोपल्या आणि एक थंड काकडीची डिश, एवढंच आधी मागवा. एका टोपलीत किती नग येतात ते विचारून घ्या, नाहीतर शेवटच्या डंपलिंगवरून आग्रह सुरू होतो. एक प्रकार वाफवलेला घ्या, एक तव्यावरचा. वाफवलेल्यात हार गाव मिळालं तर जरूर घ्या: गव्हाच्या स्टार्चची जवळजवळ पारदर्शक पारी आणि आत कोळंबी. तव्यावरच्याला गुओतिए म्हणतात. आधी तेलात बूड खरपूस करतात, मग थोडं पाणी घालून झाकण ठेवतात; म्हणून खालून कुरकुरीत आणि वरून लुसलुशीत. सॉसमध्ये बुडवताना मऊ बाजू बुडवा, कुरकुरीतपणा टिकतो.

प्रत्येक प्रकारातलं पहिलं डंपलिंग सॉसशिवाय खाऊन बघा. मग वाटीत दोन भाग काळं व्हिनेगर, एक भाग सोया सॉस आणि आल्याच्या बारीक काड्या घ्या. चीनमधल्या झेनजियांग शहराचं काळं व्हिनेगर चिकट तांदळापासून करतात; त्याचा आंबटपणा आपल्याकडच्या पांढऱ्या व्हिनेगरसारखा नाकात जात नाही. चिली ऑइल घेताना तळाचा गाळ ढवळून घ्या, खरी चव त्यातच असते.

सूप डंपलिंग

मेन्यूवर शिआओलोंगबाओ दिसलं तर ही टोपली वेगळी, एकटीच मागवा. हा शांघायकडचा प्रकार. स्टॉक थंड करून जेलीसारखा घट्ट करतात आणि सारणात मिसळतात. वाफेवर तो वितळून आत रस्सा तयार होतो. व्हेज प्रकारात हेच काम अगर-अगर, म्हणजे आपलं चायना ग्रास करू शकतं. आपल्या मोदकासारख्याच कळ्या वर गोळा झालेल्या असतात. तिथेच चॉपस्टिकनं हलकेच धरा, बूड टोपलीला चिकटलं असेल तर किंचित हलवून सोडवा आणि उचलून चमच्यात ठेवा. बाजूला छोटासा दात लावून भोक पाडा. वाफ जाऊ द्या, घाई नको, आतला रस्सा जीभ भाजेल इतका कढत असतो. आधी रस्सा ओढून घ्या, मग वर आलं आणि व्हिनेगरचे दोन थेंब घालून उरलेलं एका घासात.

नूडल्स

शेवटची टोपली टेबलावर आली की नूडल्स सांगा. दोघांत एक वाडगा पुरतो. रिकामे बाऊल मागून घ्या. एक रश्शातल्या आणि एक कोरड्या, अशी जोडी छान जमते. कोरड्यात दान दान नूडल्स असतील तर सॉस तळाला असतो, आल्या आल्या खालपासून नीट कालवा. त्यांत सिचुआन मिरी असते. ती आपल्या कोकणातल्या तिरफळाच्याच कुळातली. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ खाल्लं असेल तर जिभेवरची ती झिणझिण लगेच ओळखाल. मुलांसाठी ती कमी घालायला सांगा.

लांब नूडल्स सुर्रकन ओढून खाण्यात गैर काही नाही. चीनमध्ये वाढदिवसाला लांब नूडल्स दीर्घायुष्यासाठी खातात आणि त्या तोडत नाहीत. चॉपस्टिक जमत नसतील तर सरळ काटा मागा. फक्त भाताच्या वाटीत चॉपस्टिक उभ्या खोचू नका. मृतांसमोर लावलेल्या उदबत्त्यांसारख्या दिसतात म्हणून चिनी घरांत ते अशुभ मानतात.

बिल आणि पार्सल

साध्या हॉटेलात जीएसटी 5 टक्के असतो. सर्व्हिस चार्ज मात्र ऐच्छिक आहे: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2022 मध्ये तसे निर्देश दिले आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते कायम ठेवले. सेवा आवडली तर टिप जरूर द्या, पण बिलात आपोआप लावलेला चार्ज काढायला सांगता येतो.

उरलंच तर रस्सा आणि नूडल्स वेगवेगळ्या डब्यांत बांधून घ्या. डंपलिंग घरी मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, पारी वातड होते. तव्यावर चमचाभर तेल, त्यावर डंपलिंग, दोन-तीन चमचे पाणी आणि झाकण. पाणी आटून चर्रर्र आवाज यायला लागला की काढा.