वस्तीत मोबाइल-लॅपटॉपवर काम शिकवायचंय? मग सुरुवात अशी करा

भांडुपला आमच्या मंडळाच्या खोलीत गेली काही वर्षं कॉम्प्युटर, वायरिंग आणि एसी दुरुस्तीचे वर्ग चालतात. आमच्याकडे पण करायचंय, कसं करायचं, असं बरेच जण विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

आधी आमची चूक सांगते, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. देणगी मिळाली तसे आम्ही आठ टॅब घेतले, त्यात कोर्स भरले आणि पोरांना घरी नेऊ दिले. दोन महिन्यांनी बघितलं तर तिसऱ्या धड्याच्या पुढे कोणीच गेलेलं नव्हतं. पोरं आळशी नव्हती हो, दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं, टीव्ही चालू, धाकटं भावंड टॅब ओढतंय, आणि अडलं की विचारायला कोणी नाही, तिथे कोण शिकणार? तेव्हापासून आम्ही ठरवलं की व्हिडिओ कितीही चांगला असू दे, त्याच्यासोबत बसायला जागा, ठरलेली वेळ आणि शेजारी एक जाणतं माणूस असेल तरच वर्ग सुरू करायचा.

आता पहिलं काम. कोर्स शोधायच्या आधी काम शोधा. एक-दोन रविवार फिरा, गाळेवाले, दवाखाने, सोसायट्यांचे सेक्रेटरी, एसीवाले यांना विचारा की माणूस मिळत नाही असं कोणतं काम आहे, आणि नवीन पोरगा ठेवला की त्याला काय येत नसतं. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. आम्हाला वाटलं होतं वेब डिझाइन शिकवावं, पण समोरून आलं ते असं की स्टॉकची शीट नीट भरता येत नाही, जीएसटीचं बिल बनवता येत नाही, वीज तपासायचा मीटर धरता येत नाही. ऐरोली-महापेच्या पट्ट्यात डेटा सेंटर उभी राहिलीत, तिथे चोवीस तास वीज आणि थंडावा लागतो, म्हणजे इलेक्ट्रिशियन आणि एसी मेकॅनिक आलेच. कामं बदलतात आणि हात मागे राहतात हे मुंबईला नवीन नाही, १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि नंतर गिरण्या बंद पडत गेल्या, तेव्हा आयुष्यभर माग चालवलेल्या माणसांना दुसरं काही शिकायची सोय जवळपास नव्हती. आमच्या घरातच बघितलंय हे, म्हणून एवढं तळमळीनं सांगते.

वेळ लोकांना विचारून ठरवा. बायकांना दुपारी दोन ते चार जमतं, पाणी भरून झालेलं असतं आणि पोरं शाळेत असतात. कामावरून येणाऱ्यांना रात्री साडेआठच्या आधी बोलवूच नका, लोकल लेट झाली की पहिला अर्धा तास वाया जातो.

साहित्याला पैसे घालवायची फारशी गरज नाही. पवईच्या आयआयटी बॉम्बेचं स्पोकन ट्युटोरियल आहे, म्हणजे सॉफ्टवेअर शिकवणारे व्हिडिओ धडे, फुकट, बऱ्याच धड्यांना मराठी आवाज आहे आणि एकेक धडा साधारण दहा मिनिटांचा. आयटीआयच्या ट्रेडसाठी भारत स्किल्स ह्या सरकारी वेबसाइटवर पुस्तकं आणि प्रश्नसंच मिळतात, आणि ज्यांना पुढे शिकायचंय त्यांना स्वयम् हे सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल आहे, २०१७ पासून चालू आहे, शिकणं फुकट आणि सर्टिफिकेटची परीक्षा द्यायची असेल तरच फी. जुने लॅपटॉप घ्या, विंडोजऐवजी लिनक्स आणि वर्ड-एक्सेलऐवजी लिबरऑफिस टाका, दोन्ही फुकट. व्हिडिओ आधीच डाउनलोड करून पेनड्राइव्हवर ठेवा, कारण वर्ग भरला की हमखास नेट जातं. आणि मदतनीस बाहेरून आणायची गरज नसते, एमएस-सीआयटी केलेली पोरं-पोरी प्रत्येक गल्लीत आहेत, त्यांनाच धरा.

बसवायचं कसं, तर एका स्क्रीनपुढे दोघं. अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ, अर्ध्यावर सॉफ्टवेअर. एक गोष्ट बघायची, थांबवायचं, तीच स्वतः करायची, मग पुढे. स्पोकन ट्युटोरियल बनवलंयच असं वापरण्यासाठी. आमच्याकडे एक ताई होत्या, पोळीभाजीचे डबे देतात, हिशोब सगळा वहीत. कॅल्कमध्ये, म्हणजे लिबरऑफिसच्या हिशोबाच्या शीटमध्ये, त्यांनी रकाना भरला, बेरजेचा फॉर्म्युला टाकला आणि आलं शून्य. व्हिडिओतल्या माणसाची बेरीज बरोबर येतेय आणि आपली नाही, त्या गप्पच झाल्या, म्हणाल्या मला नाही जमायचं. शेजारच्या पोरीनं बघितलं की आकडे चौकटीत डावीकडे चिकटलेत. ताईंनी वहीतल्यासारखं प्रत्येक आकड्यापुढे ‘रु.’ लिहिलं होतं, म्हणून कॉम्प्युटरला तो आकडा न वाटता मजकूर वाटला, खरा आकडा आपोआप उजवीकडे जातो. रु. काढलं, बेरीज आली. आता त्या स्वतः दुसऱ्यांना सांगतात, आधी आकडा कुठे चिकटलाय बघ. हे कुठल्या व्हिडिओत नव्हतं, शेजारी माणूस होतं म्हणून सुटलं.

हातकामाचं थोडं वेगळं, तिथे फोन बघायला कमी आणि शूट करायला जास्त वापरा. रविवारी मिस्त्री येतात आणि समोर करून दाखवतात. मग आठवडाभर प्रत्येकानं स्वतःच्या हातांचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढायचा, काय करतोय ते मराठीत बोलत, आणि ग्रुपवर टाकायचा. मिस्त्री रात्री थांबवून थांबवून बघतात आणि व्हॉइस नोट पाठवतात. एकदा एका मुलाला त्यांनी फक्त एवढंच विचारलं, ‘मेन बंद केलास, चांगलं केलंस, पण कपॅसिटरला हात लावायच्या आधी मीटर लावून बघितलंस का? मला तर दिसलं नाही.’ वीज बंद केली तरी एसीच्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, तो रेझिस्टर लावून उतरवायचा, मीटरवर शून्य बघायचं आणि मगच हात घालायचा. ही चूक मिस्त्रींना दिसली ती व्हिडिओमुळे. पण म्हणून जाणकार नसताना नुसते व्हिडिओ बघून वीजकाम कोणालाही करू देऊ नका, ह्याबाबतीत मी अजिबात ऐकत नाही.

लोकलमध्ये एक हात कडीला असतो, व्हिडिओ कोण बघणार, म्हणून सकाळी ग्रुपवर एकच प्रश्न टाकतो, आवाजात. संध्याकाळपर्यंत उत्तर, तेही आवाजात चालतं.

कागदाचं पण बघावं लागतं. पंधरा वर्षं काम केलंय पण सर्टिफिकेट नाही अशांसाठी आरपीएल आहे, म्हणजे आधीच येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन दाखला देतात, त्याची चौकशी नक्की करा. नवीन पोरांसाठी अप्रेंटिसशिप, म्हणजे कामाच्या जागी राहून शिकणं. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला तिच्या एकूण माणसांच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, त्यामुळे गाळेवाल्याकडे जाताना हे माहीत असू द्या, बोलणं सोपं होतं. अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर नोंदणीच्या आधी दोन गोष्टी तपासा, आधारला जोडलेला नंबर चालू आहे का, आणि आधारवरचं नाव शाळेच्या दाखल्याशी जुळतंय का. आमची अर्धी बॅच ह्याच दोन गोष्टींवर अडली होती.

सर्टिफिकेटं किती वाटली ह्याची यादी आम्ही ठेवत नाही. वहीत प्रत्येकाच्या नावापुढे तारीख आणि त्या दिवशी न विचारता काय करता आलं तेवढं लिहितो, ‘बिल बनवलं’, ‘दोन बत्त्यांचं वायरिंग केलं’, असं. तीन महिन्यांनी तीच वही घेऊन गाळेवाल्यांकडे जायचं.

आणि खोलीची किल्ली दोघांकडे ठेवा. एका वर्षी किल्लीवाला शिमग्याला गावी गेला, आठ दिवस कुलूप, आणि दुपारच्या वर्गातल्या चार बायका त्यानंतर आल्याच नाहीत. आता एक किल्ली समोरच्या आजींकडे असते, त्या कुठेच जात नाहीत.