मेलेल्या माणसाची सही: इब्सेन ॲब्सर्ड शैलीत बसवताना

दिवसा मी एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात बसतो, संध्याकाळी जळगावात हौशी नाटकं बसवतो. त्यामुळे नॉर्वेच्या इब्सेनचं 'अ डॉल्स हाऊस' हे नाटक मी आधी कर्जप्रकरण म्हणून वाचतो. नवऱ्याच्या, म्हणजे हेल्मरच्या, आजारपणासाठी नायिका नोराने कर्ज काढलं आणि जामीनदार म्हणून बापाची सही स्वतःच ठोकली. बाप वारला २९ सप्टेंबरला, कागदावर सहीची तारीख २ ऑक्टोबर. म्हणजे माणूस मेल्यावर तीन दिवसांनी जामीन राहतो आणि कर्ज मंजूर होतं! हे १८७९ सालचं नाटक आहे, आणि वास्तववादाचं उदाहरण म्हणून आपण तेच देतो.

असं नाटक ॲब्सर्ड शैलीत, म्हणजे जगण्यातला तर्कहीनपणाच मंचावर दाखवत बसवायचं, तर तुमचं काम इथून सुरू होतं. कुठलंही वास्तववादी नाटक घ्या, त्यात तर्क आधीच निसटलाय अशी एक जागा सापडेपर्यंत वाचत राहा. मग नटांना विचारा, या घरात हे खपत असेल तर आणखी काय काय खपेल? उत्तरं वहीत लिहा. पांढरे रंगवलेले चेहरे, काळे कपडे, हातात टॉर्च हा एकांकिका स्पर्धांतला ठरलेला मसाला मात्र बाजूला ठेवा. शैली वरून शिंपडली की प्रेक्षकाला पाच मिनिटांत कळतं.

सुरुवातीच्या तालमी सरळ वास्तववादीच घ्या. नोरा कर्ज का लपवते, ते देणारा क्रोगस्टाड तिला का धमकावतो, हे नटाला पक्कं ठाऊक हवं. मग कारण काढून घ्या, कृती तशीच ठेवा. पहिल्या अंकात हेल्मर विचारतो, मॅकरून खाल्लेस का? ती नाही म्हणते. आमच्या नोराचं तोंड तेव्हा भरलेलं असतं. तो तिच्या हनुवटीवरचा भुगा रुमालाने पुसतो, रुमाल घडी करून खिशात ठेवतो आणि तिच्यावर विश्वास ठेवतो. संवादातला एक शब्द बदललेला नाही. (बेकरीतली नानकटाई वापरा, भुगा चांगला पडतो.)

टपालपेटीचंही तसंच. खोटी सही उघड करणारं क्रोगस्टाडचं पत्र पेटीत आहे, किल्ली हेल्मरकडे, त्यावर अख्खा ताण उभा आहे. पेटीची मागची बाजू उघडी ठेवा. पत्र सगळ्यांना दिसतं, हात घातला की मिळेल. कुणीही हात घालत नाही, सगळे किल्लीच्या मागे. प्रेक्षक आधी हसतो, मग अस्वस्थ होतो. कर्ज विभागातला माझा रोजचा अनुभव याहून फार वेगळा नाही, पण तो विषय निराळा.

खरा कस लागतो अभिनयात. विचित्र काहीतरी चाललंय हे नटाने डोळ्यांतूनसुद्धा कबूल करायचं नाही. ॲब्सर्ड नाटककार आयनेस्कोच्या १९५० सालच्या 'द बाल्ड सोप्रानो'मध्ये मार्टिन नवरा-बायको परक्यासारखे भेटतात आणि एकेक पुरावा जुळवत आपण एकाच घरात, एकाच पलंगावर झोपतो असा निष्कर्ष काढतात. तिथे तर्क बिनचूक आहे, म्हणूनच ते भयंकर विनोदी आहे. तालमीत कुणी गंमत करायला लागला की मी त्याला तोच प्रवेश पुन्हा सरळ करायला लावतो. पहिल्या रांगेतून अहिराणीत "भो, हाई काय शे?" (भाऊ, हे काय आहे?) असं ऐकू आलं तरी चेहरा हलता कामा नये.

नाटकात हेल्मर नोराकडून टॅरंटेला या इटालियन नाचाची तालीम करून घेतो, तिथे पुनरावृत्ती वापरा. हेल्मर चूक दाखवतो, नोरा तीच चूक करते, तो तेच शब्द त्याच सुरात बोलतो. तिसऱ्यांदा वेग वाढवायचा मोह होईल. वाढवू नका, वेग तोच राहू द्या.

नाटक जळगावात आणून नोराची नूतन करायची गरज नाही. नॉर्वे, शेगडी, बर्फ, सगळं राहू दे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ला टेकतो, त्यात नट शाली गुंडाळून शेगडीशी हात शेकतात आणि घाम पुसत नाहीत. अहिराणी वापरायची तर मोलकरणीला देऊन हशा वसूल करू नका, तो प्रकार मला किळसवाणा वाटतो. ती हेल्मरला द्या. पत्र वाचून अब्रू जाणार म्हटल्यावर त्याची पुस्तकी मराठी गळून पडते आणि आईची भाषा तोंडात येते.

आता शेवट. इब्सेनची नोरा नवरा-मुलांना सोडून, दार आपटून निघून जाते. आयनेस्कोकडे नाटक संपता संपता सुरुवातीचेच संवाद पुन्हा येतात, म्हणून नोरालाही परत आत आणावंसं वाटेल. थांबा. १८८०मध्ये जर्मन रंगभूमीसाठी इब्सेनला ती मुलांसाठी थांबते असा शेवट लिहून द्यावा लागला होता, आणि त्याने स्वतःच त्याला रानटी अत्याचार म्हटलं. तुमचं वर्तुळ नकळत तिथेच पोचेल. नोरा जायलाच हवी. आम्ही भिंत न लावता नुसती दाराची चौकट उभी करतो. प्रयोगभर सगळे पाय पुसून त्यातूनच ये-जा करतात. नोरा शेवटी चौकटीला वळसा घालून जाते. दार कुणी लावलेलं नसताना आपटल्याचा आवाज येतो. हेल्मर धावतो, तर त्याला ते दार उघडत नाही.

कागदपत्रांचं आधीच बघा. मूळ इब्सेनवर आता कुणाचा हक्क नाही, पण मराठी भाषांतरावर भाषांतरकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो, तेव्हा लेखी परवानगी घ्या किंवा स्वतः भाषांतर करा. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणार असाल तर संहितेला परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र लागतं. हेल्मरची अहिराणी त्या प्रतीत आधीच लिहिलेली असू द्या. आणि प्रॉम्प्टर अनुभवी हवा, कारण तेच संवाद तीनदा येतात तिथे नट नेमका दुसऱ्या फेरीत अडकतो.