घेट्टोवरचा माहितीपट दाखवण्याआधी

दुसऱ्या महायुद्धातील ज्यूंच्या घेट्टोंवरचा, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या बंदिस्त वस्त्यांवरचा माहितीपट सोलापुरात दाखवायचा असेल, तर सभागृह आणि प्रोजेक्टर ठरवण्याआधी आयोजकांनी एका प्रश्नाचे उत्तर शोधून ठेवावे. पडद्यावर जे दिसणार आहे, ते कोणाच्या कॅमेऱ्याने टिपले आहे?

मला हा प्रश्न उशिरा सुचला. काही वर्षांपूर्वी एका वाचनालयात आम्ही असा माहितीपट दाखवला, तेव्हा पोलंडमधील वॉर्सा घेट्टोतील उपाहारगृहात भरल्या ताटांसमोर बसलेली माणसे दिसताच पहिल्या रांगेतील एक निवृत्त गिरणी कामगार शेजाऱ्याला म्हणाले, "श्रीमंतांचं तिथंही बरं चाललं होतं की!" चूक त्यांची नव्हती. बघणाऱ्याला असेच वाटावे म्हणून ते दृश्य रचलेले होते, आणि ते आधी सांगणे आमचे काम होते.

नोव्हेंबर १९४० मध्ये बंदिस्त केलेल्या या घेट्टोत सुमारे ३.४ चौरस किलोमीटर जागेत चार लाखांहून अधिक माणसे कोंडली होती. मे १९४२ मध्ये नाझींच्या पथकाने तेथे चित्रीकरण केले. त्याचा अपुरा राहिलेला, सुमारे तासाभराचा मूकपट युद्धानंतर पूर्व जर्मनीतील संग्रहात सापडला आणि त्यातील दृश्ये कित्येक वर्षे अस्सल पुरावा म्हणून वापरली गेली. १९९८ मध्ये वगळलेल्या भागांचे रीळ हाती आले, तेव्हा एकेक प्रसंग पुन्हा पुन्हा करून घेतलेला दिसला, आणि मध्येच चुकून कॅमेरामनही चौकटीत आलेला आढळला. इस्रायली दिग्दर्शिका याएल हेर्सोन्स्की यांचा 'अ फिल्म अनफिनिश्ड' (२०१०) याच रिळांची उलटतपासणी करतो, म्हणून पहिल्या प्रयोगासाठी मी तोच सुचवीन. घेट्टोतील ज्यू परिषदेचे प्रमुख आदाम चेर्न्याकूव यांच्या दैनंदिनीत या चित्रीकरणाच्या नोंदी आहेत. २२ जुलै १९४२ रोजी त्रेब्लिंका या संहारछावणीकडे ज्यूंची रवानगी सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी आत्महत्या केली. एवढी पार्श्वभूमी सुरुवातीला पाच मिनिटांत सांगावी, आणि चित्रपट संपल्यावर एखादे दृश्य पुन्हा लावून त्यात कोण कोणाच्या सांगण्यावरून चालत आहे, हे प्रेक्षकांनाच शोधू द्यावे.

कोंडलेल्यांनी स्वतः जपलेले पुरावे त्याच संध्याकाळी समोर असावेत. इतिहासकार इमानुएल रिंगेलब्लुम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमवलेले कागद पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये भरून पुरले होते, त्यांतला एक साठा १९४६ मध्ये आणि दुसरा १९५० मध्ये सापडला. पोलंडमधीलच वुच शहराच्या घेट्टोतील छायाचित्रकार हेन्रिक रॉस यांनी १९४४ मध्ये पुरलेल्या निगेटिव्ह पुढल्या वर्षी स्वतः उकरून काढल्या. अशा काही छायाचित्रांच्या प्रती दाराशी लावाव्यात, आणि कोणत्या चित्रामागे कोणाचा हात होता ते खाली मराठीत स्पष्ट लिहावे.

क्लोद लांझमान यांचा ज्यूंच्या संहारावरचा, नऊ तासांहून मोठा माहितीपट 'शोआ' (१९८५) जुन्या चित्रफिती वापरतच नाही, पण तो अनेक बैठकांतच शक्य आहे.

घरी पाहण्याच्या वर्गणीतून जाहीर प्रदर्शनाचा हक्क मिळत नाही, तेव्हा वितरकाची लेखी परवानगी घ्यावी. प्रेतांची दृश्ये असल्याने लहान मुलांना आणू नये, असे निमंत्रणातच लिहावे. आउशवित्झ या नाझी छावणीच्या मुक्ततेचा २७ जानेवारी हा स्मरणदिन योग्य आहे, मात्र जानेवारीत गड्ड्याची जत्रा असते आणि होम मैदानाजवळच्या सभागृहात पाळण्यांचे भोंगे मूकपटालाही बोलके करतात, हे ध्यानात घ्यावे.

चर्चेत सोलापूरच्या सेटलमेंटचा विषय निघतोच, कारण 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना १९५२ पर्यंत तारेच्या कुंपणाआड ठेवल्याची आठवण या शहरात अजून आहे. तो विषय थांबवू नये, पण दोन्ही गोष्टी एकच आहेत असेही बोलू देऊ नये. सेटलमेंट हजेरी लावून माणसांवर पाळत ठेवण्यासाठी होती, तर वॉर्साचा घेट्टो अखेर संहारछावणीकडे जाणाऱ्या गाडीपाशी संपला, हा फरक सूत्रसंचालकाने आधीच लिहून आणावा. सेटलमेंटमधील कुटुंबातले कोणी आले असेल, तर पहिला माइक त्यांच्या हाती द्यावा आणि त्यांची संमती असेल तरच ध्वनिमुद्रण करावे.