जुना छताचा पंखा कानाने कसा पारखावा

जुना छताचा पंखा घेताना नजर आधी पितळी नक्षीवर आणि लाकडी पात्यांवर जाते, पण तो घरात लावल्यावर शांत फिरेल की रात्रभर घुमत राहील, हे ठरवणारे भाग आत दडलेले असतात आणि संग्राहकाने पहिली पारख त्यांचीच करावी, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात वीज न देता करावी. पंखा टांगून हाताने हलका धक्का दिल्यावर तो बराच वेळ फिरून हळूहळू मंदावला, तर बेअरिंग बरी आहेत. मध्येच अडखळला किंवा दांडीला टेकवलेल्या बोटांना खरखर जाणवली, तर ती झिजली आहेत किंवा आतले वंगण घट्ट झाले आहे. मग पंखा पूर्ण वेगाने चालवून एकदम वीज तोडावी आणि कान द्यावा. घूं आवाज त्याच क्षणी थांबला, तर तो विजेचा आहे. पाती फिरत असेपर्यंत टिकला, तर दोष बेअरिंगचा, पात्यांचा किंवा सैल स्क्रूचा आहे. या एका चाचणीने निम्मी शोधाशोध वाचते.

विजेचा आवाज येतो कारण ५० हर्ट्झच्या प्रवाहात मोटरमधील चुंबकीय ओढ सेकंदाला १०० वेळा वाढते आणि ओसरते, आणि तिच्याबरोबर लोखंडी पत्रेही थरथरतात. जड ओतीव लोखंडाचे आवरण ही थरथर सहजासहजी बाहेर पडू देत नाही. रोटरमधील, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागातील, पट्ट्या तिरप्या बसवल्याने ओढीचे झटके सौम्य होतात. काही पंख्यांत मोटर आणि पात्यांच्या मध्ये रबरी चकती असते, जेणेकरून कंप पात्यांपर्यंत पोचू नये. ही चकती नखाने दाबून पाहावी: रबर चिवट लागले पाहिजे, कडक झालेले किंवा भेगाळलेले नको, कारण ती फाटली तर फिरती पाती खाली येऊ शकतात. आकड्यापाशी असलेला रबरी गुटकाही असाच तपासावा आणि शंका येताच बदलावा. तो कमी किमतीचा भाग आहे, पण गळाला तर सगळे छत पंख्याबरोबर घुमू लागते.

हंटर कंपनीच्या जुन्या ओतीव पंख्यांत बेअरिंग तेलाच्या कुंडात बुडालेले असते आणि त्यांची शांतता मला आजही थक्क करते. मात्र असा पंखा हलवण्यापूर्वी तेल काढून घ्यावे, नाहीतर आडवा होताच ते वाइंडिंगवर, म्हणजे मोटरमधील तारांच्या वेटोळ्यांवर, सांडते. पुन्हा भरताना डिटर्जंट नसलेले, विजेच्या मोटरसाठीचे पातळ तेलच वापरावे.

मूळचा कॉइलचा रेग्युलेटर शाबूत असेल, तर तो जपावा. दिवे मंद करणारा इलेक्ट्रॉनिक डिमर प्रवाहाची लाट तुकड्या-तुकड्यांनी कापतो, त्यामुळे शांत मोटरही गुरगुरते.

वायरींवरचे आवरण ठिसूळ झाले असेल, तर पंखा चालवूच नये. आधी वायरी बदलून अर्थिंग जोडून घ्यावे. पाती उतरवण्यापूर्वी प्रत्येक पात्यावर आणि त्याच्या जागेवर खडूने एकच क्रमांक लिहावा, कारण ती जोडीनेच तोलून बसवलेली असतात. परत बसवल्यावर प्रत्येक टोकाचे छतापासूनचे अंतर एकाच जागी मोजावे आणि फरक तीन मिलिमीटरच्या आसपास येईपर्यंत पाती मोटरला जोडणारे पट्टे सावकाश वाकवावेत.